जुनी पद्मिनी रोज चालवायची तर...

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी हद्दपार झाली. शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची वीस वर्षांची मुदत आदल्या दिवशी संपली होती. वर्तमानपत्रांनी फोटो छापले, लोकांनी हळहळ व्यक्त केली आणि विषय मिटला. आमच्या वाचकांसाठी मात्र तो मिटलेला नाही. ही गाडी हजारोंच्या संख्येने धावत होती तेव्हा तिच्यावर मिस्त्री, पत्रेवाले, वायरमन, रेडिएटरवाले, लेथवर बसणारे टर्नर आणि सीट शिवणारे कारागीर अशा किती घरांच्या चुली पेटत होत्या, याचा हिशेब कुणी मांडला नाही. त्यांतले कित्येक आपलेच लोक आहेत.

टॅक्सी गेली, पण गाडी गेलेली नाही. खासगी नंबरच्या पद्मिनी आणि त्यांच्या आधीच्या फियाट आजही घरोघरी जपून ठेवलेल्या दिसतात. त्यांच्या मालकांचे दोन प्रकार आहेत. पहिल्याला गाडी लग्नाच्या वरातीसाठी, प्रदर्शनासाठी चकचकीत करून हवी असते. दुसऱ्याला तीच गाडी घेऊन सकाळी दुकानावर जायचे असते आणि उन्हाळ्यात घाट चढून गावीही जायचे असते. हा दुसरा गिऱ्हाईक अवघड आहे, पण तोच वर्षानुवर्षे परत येतो. हा लेख त्याच्यासाठी आणि त्याचे काम अंगावर घेणाऱ्या कारागिरांसाठी आहे.

आधी मूळ स्थिती, मग सुधारणा

प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेली कंपनी. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटशी करार करून ही गाडी बनत असे. १९६० च्या दशकात ती 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून ओळखली जात होती, पुढच्या दशकात तिचे नाव 'पद्मिनी' झाले. १०८९ सी.सी.चे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगलगतचा हँडगिअर, मागच्या चाकांना ओढ. सगळे उघडून पाहता येईल, मोजता येईल, लेथवर पुन्हा बनवता येईल असे. आजच्या गाडीचा कॉम्प्युटर बिघडला तर मिस्त्री पेटी बदलतो. पद्मिनीत मात्र बिघाड डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो. म्हणूनच ती आजही भरवशाची होऊ शकते.

पण आमचे स्पष्ट मत आहे की पद्मिनी वाटेत बंद पडते ती तिच्या मूळ रचनेमुळे क्वचितच. ती बंद पडते चाळीस वर्षांत साठलेल्या झिजेमुळे, आणि त्याहून जास्त, प्रत्येक मिस्त्रीने आपापल्या परीने करून ठेवलेल्या जुगाडामुळे. कुणी थर्मोस्टॅट काढून फेकलेला असतो, कुणी फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली असते, कुणी भलत्याच गाडीचा जेट बसवलेला असतो. अशा गाडीवर नवी सुधारणा चढवली की दोन रोग एकमेकांत मिसळतात आणि मग कुणालाच काही उमगत नाही. म्हणून गाडी आधी कंपनीने दिली होती तशी करावी, महिनाभर चालवावी, आणि मगच काय सुधारायचे ते ठरवावे.

त्यातही पहिला मान पत्र्याचा. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, खालचा पत्रा हाच तिचा सांगाडा आहे. दाराखालच्या पट्ट्या, पायाखालचा पत्रा आणि मागचे पाटे जिथे अडकतात त्या जागा मुंबई-कोकणच्या दमट हवेत आतून सडतात, आणि वर लांबी भरून रंग मारला की काही दिसत नाही. हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहावे. आवाज बद्द आला तर लांबी खरवडून, सडका पत्रा कापून, नवा वेल्ड करावा. सडक्या पत्र्यात बसवलेला सीटबेल्टही अपघातात उपटून हाती येतो. असे असताना कित्येक मालक आधी इंजिनावर खर्च करून मोकळे होतात.

इंजिनाची तब्येत कॉम्प्रेशन गेज लावून पाच-दहा मिनिटांत कळते. चारही सिलिंडरचा दाब जवळपास सारखा असेल तर केवळ धूर दिसला म्हणून इंजिन खोलायला घेऊ नये. व्हॉल्व्हचे सील गेले तरी धूर येतो. गेज न लावताच "बोअर करावे लागेल" असे सांगणाऱ्यापासून मालकाने दूर राहावे.

ब्रेक : इथे काटकसर नाही

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. जुन्या मॉडेलमध्ये मास्टर सिलिंडर एकेरी, म्हणजे चारही चाकांना एकच तेलवाट. एका व्हील सिलिंडरचे रबर फाटले किंवा एक पाइप गंजून फुटला, की पाय थेट तळाला जातो आणि चारही चाके मोकळी सुटतात. रोज चालवायच्या गाडीत पहिली सुधारणा करायची तर ती इथे. दुहेरी मास्टर सिलिंडर बसवावा, म्हणजे पुढची वाट फुटली तरी मागची शाबूत राहते आणि मागची फुटली तरी पुढची. सोबत सगळे लोखंडी पाइप आणि रबरी होज नवे घालावेत. अर्धे जुने, अर्धे नवे असे करू नये.

ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते. ओल धरलेले तेल घाटात तापून उकळते, त्यात वाफ होते आणि पेडल स्पंजासारखे दबते. शिवाय आतून सिलिंडर गंजतात. दर दोन वर्षांनी तेल पूर्ण काढून नवे भरावे, मग गाडी चालो वा न चालो. ब्रेकचे रबर पेट्रोलने, डिझेलने किंवा इंजिन ऑइलने कधीही धुऊ नये. त्यात ते फुगते आणि आठवड्याभरात ब्रेक जाम होतो. ब्रेकच्याच तेलाने किंवा स्पिरिटने धुवावे. गॅरेजमध्ये आलेल्या पोराला पहिल्या दिवशी शिकवायची ही गोष्ट आहे, पण ती शिकवली जात नाही.

दुसरी सवय तर थेट कारागिराच्या जिवावर बेतणारी आहे. ड्रम उघडला की आतली काळी धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने फुंकून उडवली जाते. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. त्याची बारीक धूळ छातीत गेली की बाहेर येत नाही, आणि तिचे दुखणे वीस-तीस वर्षांनी वर येते. ओल्या फडक्याने पुसावे, फडके प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकावे, तोंडाला चांगला मास्क लावावा. इतकेच करायचे आहे.

पुढे डिस्क ब्रेक बसवून द्या, अशी मागणी हल्ली येते. ज्याने तो संच पुरा मोजूनमापून बनवला आहे आणि जो त्याची जबाबदारी घेतो, त्याच्याकडून करून घ्यायला हरकत नाही. पण भंगारातली डिस्क, दुसऱ्या गाडीचा कॅलिपर आणि तिसऱ्या गाडीचा मास्टर सिलिंडर अशी मोट बांधून कुणाच्या कुटुंबाला घाटात पाठवू नये. पद्मिनीच्या वेगाला चार नीट घासलेले, नीट जुळवलेले ड्रम पुरतात. बूस्टर लावल्याने पायाचा जोर कमी लागतो, पण तापलेला ड्रम बूस्टरमुळे थंड होत नाही, हेही गिऱ्हाइकाला समजावून सांगावे.

आता व्यापाऱ्यांसाठी एक शब्द. दुकानाच्या माळ्यावर तीस वर्षांपूर्वीचा कोरा, पाकीटबंद माल पडून असतो. त्यातले गिअर, शाफ्ट, ड्रम, बेअरिंग ही सोन्यासारखी चीज आहे, तिचा भाव जरूर घ्यावा. पण त्याच पाकिटांतली ब्रेकची रबर किट विकू नयेत. रबर पाकिटातही म्हातारे होते. बाहेरून ते नवे दिसते, दाबले तर मऊही लागते, आणि महिन्याभरात गळते. कोरा माल म्हणून ते विकणे हा सौदा नव्हे. ती किट कचऱ्यात टाकावीत, नुकसान फार नाही.

पाणी आणि उष्णता

मे महिन्यात बॉनेट उघडे टाकून रस्त्याकडेला उभी असलेली फियाट आपण सर्वांनी पाहिली आहे. तिचा दोष बहुधा रेडिएटरमध्ये असतो. नळाचे किंवा बोअरचे पाणी भरून भरून आतल्या नळ्या क्षाराने बुजतात. सुदैवाने हा रेडिएटर तांबे-पितळेचा आहे. चांगला रेडिएटरवाला त्याची टाकी उघडून, नळ्यांत सळई फिरवून, गरज पडल्यास कोर बदलून तो नव्यासारखा करतो. हे हुनर आता कमी हातांत उरले आहे, कारण नव्या गाड्यांचे प्लास्टिक-ॲल्युमिनियमचे रेडिएटर कुणी उघडत नाही, थेट बदलतात.

इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे, ब्लॉक बिडाचा. दोन धातू आणि साधे पाणी एकत्र आले की हेड आतून खात जाते. म्हणून साध्या पाण्याऐवजी शुद्ध पाण्यात मिसळलेला कूलंट वापरावा. गाडी एकदा जोरात तापली की हेडला बाक येतो. मग ते फेस करून घ्यावे लागते, आणि प्रत्येक वेळी थोडा धातू जातो. हेड दोन-तीनदा घासले गेले की संपले. हेडचे नट मधून बाहेरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने, टप्प्याटप्प्याने आवळावेत. "हाताला अंदाज आहे" हे उत्तर आम्हाला मान्य नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकला की गाडी थंड राहते, हा आपल्याकडचा जुना समज. तो नसला की इंजिन तापायला फार वेळ घेते, पेट्रोल जास्त खाते आणि सिलिंडर लवकर झिजतात. रेडिएटर साफ असेल, वॉटर पंप आणि फॅन बेल्ट ठीक असतील, तर थर्मोस्टॅट ठेवूनही गाडी तापत नाही. गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून तो उघडतो की नाही ते पाहावे आणि बसवून टाकावा. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये फार वेळ उभे राहावे लागत असेल तर रेडिएटरपुढे विजेचा पंखा लावणे ही चांगली सुधारणा आहे. मात्र डायनॅमोच्या भरवशावर तो लावू नये. त्याबद्दल पुढे.

नवे पेट्रोल, जुने रबर

सन २०२५ पासून देशातल्या बहुतेक पंपांवर जे साधे पेट्रोल मिळते त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. पद्मिनीच्या काळात असे पेट्रोल नव्हते, आणि तिचे रबर त्यासाठी बनलेले नाही. इथेनॉलने जुने पाइप फुगतात, मऊ पडतात, मग चिरतात. पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची पॅकिंगही त्यातच येतात. गरम एक्झॉस्टजवळ चिरलेला पेट्रोल पाइप म्हणजे आगीला निमंत्रण. म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबर इथेनॉल सोसणाऱ्या जातीचे घालावे. बाजारात ते वायटॉन किंवा ई-२० च्या नावाने मागितले जाते. मीटरमागे चार पैसे जास्त जातात, पण एका गाडीला लागते ते किती!

इथेनॉल पाणी ओढते आणि टाकीतला जुना गंज सोडवून पुढे ढकलते. टाकी उतरवून साफ करावी, मध्ये काचेसारखा पारदर्शक फिल्टर लावावा, म्हणजे काय येते आहे ते दिसते. या पेट्रोलने मिश्रणही थोडे पातळ होते. गाडी चढावर खोकत असेल, प्लगची टोके पांढरी पडत असतील, तर मुख्य जेट एक नंबर मोठा करून पाहावा. प्लग विटकरी-तपकिरी दिसला की मिश्रण जुळले. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवावा.

उन्हाळ्यात पेट्रोलची पाइपातच वाफ होऊन गाडी बंद पडण्यावर टॅक्सीवाल्यांचा इलाज होता पंपावर ओले फडके. इलाज चुकीचा नव्हता. कायमचा उपाय म्हणजे पाइप एक्झॉस्टपासून लांबून फिरवणे आणि पंपाखाली उष्णता अडवणारी जाड पॅकिंग घालणे. विजेचा पंप लावायचाच असेल तर कार्ब्युरेटरसाठीचा, कमी दाबाचा घ्यावा. इंजेक्शनच्या गाडीतला पंप लावला तर फ्लोटची सुई तो दाब अडवू शकत नाही, पेट्रोल वाहून इंजिनावर पडते. शिवाय इंजिन बंद पडले की पंप आपोआप बंद होईल अशी जोडणी हवी. आणि सीटखाली एक छोटा अग्निशामक असावाच.

वीज

जुन्या मॉडेलमधला डायनॅमो इंजिन हळू फिरत असताना जवळजवळ काहीच वीज देत नाही. रात्री, पावसात, ट्रॅफिकमध्ये दिवे, वायपर आणि हॉर्न सगळे बॅटरीवर चालते आणि सकाळी सेल्फ फिरत नाही. अल्टरनेटर बसवणे ही आमच्या मते ब्रेकनंतरची सर्वांत उपयोगी सुधारणा. बसवताना जुना कटआउट सर्किटमधून काढावा, बेल्ट एका सरळ रेषेत आहे ना ते पाहावे आणि चार्जिंगची वायर जाड घालावी. वीज वाढली आणि वायर तीच राहिली तर ती जळणार.

हेडलाइटचा हिशेब सोपा आहे. साठ वॉटचे दोन बल्ब म्हणजे एकशेवीस वॉट. बारा व्होल्टला तो दहा अँपिअर करंट झाला, आणि हा सगळा जुन्या स्विचमधून, पातळ वायरीतून जातो. वाटेतच तो खर्च होतो. दिवे पिवळे पडतात, स्विच गरम होतो. दोन रिले आणि फ्यूज लावून बॅटरीतून सरळ वीज दिली की तेच बल्ब लख्ख पेटतात. पॉइंट-कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावले तर पावसाळ्यातली निम्मी डोकेदुखी जाते. पण डिस्ट्रिब्युटरचे बुश झिजून शाफ्ट हलत असेल तर आधी ते बुश करावे, आणि जुने पॉइंट-कंडेन्सर फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवावेत. ते दहा मिनिटांत बसवून घरी येता येते.

खालच्या कामाचे थोडक्यात. किंगपिनच्या निपलना वेळेवर ग्रीस दिले नाही तर पुढचा सगळा संच वाया जातो. रेडियल टायरने पकड सुधारते, पण स्टिअरिंग थोडे जड होते. टायर नक्षीवर नव्हे, तारखेवर पारखावा. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन सालाचे. २४१२ म्हणजे २०१२ सालचा चोविसावा आठवडा. असा टायर कितीही नवा दिसला तरी घेऊ नये.

यात धंदा कुठे आहे

कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडला, पुण्यात नाना पेठेत, चेन्नईत पुदुपेट्टईत जुने पार्ट शोधणाऱ्यांची वर्दळ असते. तिथून माल घेताना एक खूण लक्षात ठेवावी. मुंबईतल्या टॅक्सी पुढच्या काळात सी.एन.जी.वर धावल्या. कोरड्या गॅसवर व्हॉल्व्हच्या सीट लवकर खातात. टॅक्सीचे हेड स्वस्तात मिळाले तरी आधी व्हॉल्व्ह किती आत बसले आहेत ते पाहावे, आणि कडक धातूच्या नव्या सीट बसवण्याचा खर्च धरूनच भाव करावा.

पुढे मात्र हे भंगारही आटणार आहे. ज्याच्याकडे लेथ आहे, रबराचा साचा करणारा ओळखीचा आहे, त्याने आजच किंगपिनचा संच, गिअरच्या दांड्याचे बुश, दाराची रबरी पट्टी, इंजिन माउंटिंग यांची कोऱ्या पार्टवरून मापे घेऊन ठेवावीत. झिजलेल्या पार्टवरून माप घेतले तर झीजही नकलेत उतरते. अशी दहा-वीस नगांची छोटी खेप मोठ्या कारखान्याला परवडत नाही, आपल्या गाळ्याला परवडते. जुन्या उस्तादांच्या डोक्यात असलेली मापे वहीत उतरवून घेण्याचे काम त्यांच्या शागीर्दांनी लांबवू नये.

हा गिऱ्हाईक भावावर फार घासाघीस करत नाही. तो बिथरतो तो अंदाज बदलत गेला की. म्हणून काम घेताना लेखी अंदाज द्यावा, गाडी उघडल्यावर आणखी काही निघाले तर काम थांबवून फोन करावा, आणि काढलेला प्रत्येक जुना पार्ट कागदात बांधून त्याच्या हातात द्यावा. टॅक्सीच्या जमान्यात हे चालत नव्हते, तेव्हा गाडी दुपारपर्यंत परत रस्त्यावर हवी असे. आता वेळ आहे, आणि त्या वेळेचे पैसेही मिळतात.

कागदपत्रे

जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेजची वेगळी नोंदणी आणली. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नूतनीकरणाला पाच हजार, मुदत दहा वर्षे, आणि नंबरात 'व्ही ए' ही अक्षरे. ऐकायला छान वाटते. पण अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची. शिवाय गाडी मूळ रूपात असावी लागते. गिऱ्हाइकाला दुकानावर गाडी न्यायची असेल तर त्याने या वाटेला जाऊ नये.

त्याने साधी नोंदणीच जिवंत ठेवावी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी, आणि पुढे दर पाच वर्षांनी, तपासणी करून नवी करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी ती दहा हजार करण्यात आली. महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने सौद्याआधी नोंदणीची तारीख पाहावी. मुदत संपून वर्षे लोटली असतील तर ती थकबाकी किमतीतून वजा करावी.

इंजिन बदलण्याचा विचार असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ आडवे येते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावले आहे की कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. आर.टी.ओ.ची आगाऊ परवानगी नसेल तर दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवून देऊ नये. चासी आणि इंजिन नंबर कागदाशी जुळले नाहीत तर तपासणीत गाडी अडते, अपघात झाल्यास विम्याचा दावा अडकतो, आणि मग मालक ते काम करणाऱ्या गॅरेजचा पत्ता शोधत येतो. त्याच जातीचे दुसरे इंजिन बसवले तरी त्याचे बिल, जुन्या गाडीच्या कागदांची प्रत आणि नव्या नंबराची आर.सी.त नोंद या तिन्ही गोष्टी हातात आल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर सोडू नये.